मार्शल कोनेव्हचा पुतळा आणि प्रागकरांचा हक्क

३ एप्रिल २०२० रोजी प्राग शहराच्या सहाव्या विभागातल्या इंटरब्रिगेड चौकात क्रेन आली आणि मार्शल इव्हान कोनेव्ह या सोव्हिएत सेनानीचा ब्राँझचा पुतळा चौथऱ्यावरून उतरवून घेऊन गेली. करोनाची पहिली टाळेबंदी चालू होती, रस्ते ओस पडले होते. पुतळा तिथे चाळीस वर्षं उभा होता. मॉस्कोतून लगेच संतापाची प्रतिक्रिया आली. संरक्षणमंत्री सर्गेई शोइगू यांनी पुतळा रशियाच्या ताब्यात द्यावा अशी मागणी केली. आठवडाभरात रशियाच्या तपास समितीनं फौजदारी गुन्हा दाखल केला. पुतळा हटवण्यात पुढाकार घेणारे विभागप्रमुख ओंद्रेय कोलार यांना काही काळ पोलीस संरक्षणात राहावं लागलं. एका नगरविभागानं आपल्याच चौकातला, आपल्याच मालकीचा पुतळा हलवला, आणि त्याची फिर्याद परक्या देशात नोंदवली गेली.

पुतळा हलवण्याचा निर्णय बरोबर होता, असं माझं स्पष्ट मत आहे. पण ते मत मी सहजासहजी बनवलेलं नाही, कारण कोनेव्ह हा कुणी किरकोळ माणूस नव्हता आणि त्याच्या फौजेचं युरोपवरचं ऋणही किरकोळ नव्हतं. त्याची थोरवी नाकारून पुतळा हलवण्याचं समर्थन करणं सोपं आहे, पण ते खोटं ठरेल. त्याची बाजू पूर्ण मान्य करूनही पुतळ्याबद्दलचा शेवटचा शब्द प्रागचाच का, हे मला इथे सांगायचं आहे.

कोनेव्ह १८९७ साली रशियाच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात शेतकरी कुटुंबात जन्मला. दुसऱ्या महायुद्धात तो पहिल्या युक्रेनियन फ्रंटचा, म्हणजे सोव्हिएत फौजेच्या एका मोठ्या विभागाचा, सेनापती झाला, १९४४ मध्ये मार्शल झाला. त्याच्याच फ्रंटच्या सैन्यानं २७ जानेवारी १९४५ रोजी ऑशविट्झ छळछावणीची दारं उघडली. आत सुमारे सात हजार कैदी जिवंत सापडले. त्यातले बरेच जण उभंही राहू शकत नव्हते. पुढे बर्लिनवरच्या अखेरच्या हल्ल्यात एका बाजूनं दुसरा सोव्हिएत मार्शल झुकॉव्ह आणि दुसऱ्या बाजूनं कोनेव्ह होता. तिथून त्यानं रणगाडे दक्षिणेला वळवले ते प्रागच्या दिशेनं. चेकोस्लोव्हाकियाची भूमी नाझींच्या हातून सोडवताना सुमारे १ लाख ४० हजार सोव्हिएत सैनिक मेले. त्यांत रशियन होते, युक्रेनियन होते, बेलारुशियन होते, मध्य आशियातले होते. नाझींनी चेक लोकांचं भवितव्य काय ठरवलं होतं, हे लिडित्से गावाचं जे झालं त्यावरून कळतं. १९४२ मध्ये एका नाझी अधिकाऱ्याच्या हत्येचा सूड म्हणून ते गाव जाळून सपाट केलं, पुरुषांना गोळ्या घातल्या आणि बायकामुलांना छावण्यांत पाठवलं. ही राजवट ज्यांनी मोडली, त्यांना कृतज्ञतेचा नमस्कार करायला कुणाचीही हरकत असू नये.

आता मे १९४५ मधले प्रागमधले पाच दिवस पाहू. ५ मे रोजी प्रागकर स्वतः उठले. रेडिओ केंद्रावर लढाई झाली. ट्रामचे डबे, फरशा, लाकडी ओंडके रचून रस्तोरस्ती अडथळे उभे राहिले. त्या उठावात दीड हजारांहून जास्त चेक माणसं मेली. मध्येच जनरल व्लासॉव्हची फौज, म्हणजे जर्मनांच्या बाजूनं लढलेले रशियन, अचानक उलटली आणि काही काळ उठावकऱ्यांच्या मदतीला आली. अमेरिकन सैन्य पश्चिमेला प्लझेनपर्यंत पोहोचलं होतं; पण सोव्हिएत नेतृत्वाशी ठरलेल्या रेषेवर ते थांबलं. ८ मे रोजी प्रागमधल्या जर्मन सेनापतीनं चेक राष्ट्रीय परिषदेशी करार करून शहर सोडायला सुरुवात केली. ९ मेच्या पहाटे कोनेव्हचे पहिले रणगाडे शहरात शिरले. तेव्हा लोकांनी त्यांच्यावर फुलं उधळली आणि सैनिकांना मिठ्या मारल्या. तो आनंद खोटा नव्हता. शहराभोवती अजून लढाई चालू होती आणि ही फौज आली नसती तर आणखी किती माणसं मेली असती, कोण जाणे.

पुढे सत्तेवर आलेल्या कम्युनिस्ट राजवटीनं यातला एकच भाग उचलला. शाळेच्या पुस्तकांत प्राग सोडवलं ते सोव्हिएत फौजेनं, एवढंच राहिलं. प्लझेनमधल्या अमेरिकन सैनिकांचा उल्लेख चार दशकं दाबून टाकला गेला. व्लासॉव्हच्या माणसांचं नाव काढणं शक्यच नव्हतं. उठाव करणाऱ्यांतल्या कित्येकांना पुढे संशयित ठरवलं गेलं. म्हणजे चौकात कोनेव्ह उभा राहिला तेव्हा त्या दगडी चौथऱ्याखाली प्रागकरांचे स्वतःचे पाच दिवस गाडले गेले होते.

युद्ध संपल्यावरही कोनेव्हची कारकीर्द चालूच राहिली. १९५५ मध्ये सोव्हिएत गटातल्या देशांचा वॉर्सा लष्करी करार झाला आणि त्याच्या संयुक्त फौजांचा पहिला सरसेनापती तोच झाला. १९५६ च्या नोव्हेंबरात हंगेरीतला उठाव रणगाड्यांनी चिरडला गेला, त्या कारवाईचं नेतृत्व कोनेव्हकडे होतं. बुडापेस्टच्या रस्त्यांवर हंगेरियन माणसं हजारोंनी मेली. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली तेव्हा पूर्व जर्मनीतल्या सोव्हिएत सैन्याची सूत्रं त्याच्याच हाती होती. १९६८ च्या मे महिन्यात, प्राग वसंत, म्हणजे चेकोस्लोव्हाकियातल्या सुधारणांचा काळ, बहरात असताना, तो सोव्हिएत शिष्टमंडळ घेऊन चेकोस्लोव्हाकियात आला होता. त्या दौऱ्याचा पुढच्या आक्रमणाशी किती संबंध होता याबद्दल वाद आहेत, आणि रशियाला तो संबंध मान्य नाही. पण तीन महिन्यांनी, २१ ऑगस्टच्या पहाटे, पुन्हा सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरले. या वेळी कुणी फुलं उधळली नाहीत. शंभराहून जास्त नागरिक मेले आणि सोव्हिएत फौज देशात राहिली ती थेट १९९१ पर्यंत.

पुतळा उभा राहिला तो १९८० मध्ये, प्रागच्या मुक्तीला ३५ वर्षं झाली त्या निमित्तानं. या सगळ्या वादात मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती ही तारीख. १९४५ मध्ये कृतज्ञ लोकांनी वर्गणी काढून तो उभारला असता तर गोष्ट वेगळी होती. १९८० मध्ये देशात परकी फौज तळ ठोकून होती. १९६८ च्या सुधारणांना पाठिंबा दिलेले प्राध्यापक बॉयलरघरात कोळसा टाकत होते, लेखक खिडक्या पुसत होते, व्हाक्लाव्ह हावेल तुरुंगात होते. त्या वर्षी रणगाड्यांच्या जोरावर टिकलेल्या सरकारनं रणगाड्यांच्या मार्शलला, हातात फुलं देऊन, चौकात उभं केलं. नव्याने वश केलेल्या शहराला, आम्ही तुमचे मुक्तिदाते आहोत हे विसरू नका, असं बजावणारा तो पुतळा होता. प्रागच्या नागरिकांना त्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

प्रागमध्ये अशी आणखी एक स्मारककथा आहे आणि ती मला फार बोलकी वाटते. स्मीखॉव्ह भागात एका चौथऱ्यावर सोव्हिएत रणगाडा ठेवला होता, त्यावर २३ हा आकडा. प्रागमध्ये सर्वांत आधी शिरलेला रणगाडा तो हाच, असं लोकांना सांगितलं जाई. प्रत्यक्षात पहिल्या रणगाड्यांपैकी जो प्रसिद्ध आहे तो टी-३४ जातीचा होता, त्याचा क्रमांक २४ होता आणि त्याचा कमांडर इव्हान गोंचारेंको त्याच दिवशी, ९ मे रोजी, प्रागमध्ये मारला गेला. चौथऱ्यावर चढवलेला रणगाडा वेगळ्याच जातीचा, अधिक जड, अधिक भपकेदार होता. जो माणूस या शहरासाठी खरोखर मेला त्याचा रणगाडा जुनाट म्हणून नाकारला आणि दिसायला दणकट असलेला ठेवला. १९९१ मध्ये डेव्हिड चेर्नी या तरुण कलावंतानं एका रात्रीत तो रणगाडा गुलाबी रंगवला. सैन्यानं तो पुन्हा हिरवा केला, मग खासदारांच्या एका गटानं निषेध म्हणून परत गुलाबी केला. शेवटी तो लेशानीच्या लष्करी संग्रहालयात गेला. चेर्नीचा खोडसाळपणा लोकांना आठवतो. मला गोंचारेंको आठवतो. सत्तेला त्याच्या मरणाचा उपयोग करायचा होता. तो माणूस कोण, त्याचा रणगाडा कुठला, याची खरी नोंद ठेवायची तिला गरज वाटली नाही.

कोनेव्हच्या पुतळ्याबाबत प्राग-६ नं, म्हणजे शहराच्या याच सहाव्या विभागानं, प्रथम जे केलं ते मला आदर्श वाटतं. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट गेली, त्यानंतरही तीन दशकं पुतळा जागेवरच राहिला. २०१८ मध्ये विभागानं त्याच्यापाशी नवा फलक लावला, चेक, इंग्रजी आणि रशियन अशा तीन भाषांत. कोनेव्हच्या सैन्यानं बोहेमियाचा, म्हणजे प्रागभोवतालच्या चेक प्रदेशाचा, मोठा भाग मुक्त केला आणि ९ मे १९४५ रोजी तेच प्रथम प्रागमध्ये आलं, हे त्यावर सुरुवातीलाच लिहिलेलं होतं. मग १९५६ चं हंगेरी, १९६१ चं बर्लिन आणि १९६८ ची पूर्वतयारी यांचा उल्लेख होता. शिव्या नव्हत्या, विशेषणं नव्हती. माणसाची संपूर्ण कारकीर्द काही ओळींत मांडली होती. माझ्या मते हा पुतळा टिकवण्याचा तो सर्वांत चांगला मार्ग होता. फलक वाचून शाळकरी मुलानं पुतळ्याकडे पाहिलं असतं तर त्याला कळलं असतं की मुक्त करणारे हात दडपणारेही असू शकतात.

रशियन दूतावासानं मात्र या फलकाचाच निषेध केला. १९६८ चा उल्लेख त्यांना वादग्रस्त वाटला तर तेवढ्या ओळीवर पुरावे मांडून चर्चा करता आली असती. पण त्यांचा आग्रह होता की पुतळ्याजवळ मुक्तिदात्याखेरीज दुसरं काही लिहूच नये. इथे प्रश्नाचं स्वरूप पालटलं, असं मला वाटतं. ज्या पुतळ्याशेजारी खरं लिहायची मुभा नाही, तो पुतळा चौकात ठेवणं म्हणजे ते मौन नगरपालिकेनं स्वतःच्या खर्चानं सांभाळणं.

पुढचा क्रम दुर्दैवी होता. पुतळ्यावर लाल रंग फेकला जात होताच, २०१९ च्या ऑगस्टात, आक्रमणाच्या स्मृतिदिनाच्या सुमारास, पुन्हा फेकला गेला. पुन्हापुन्हा साफ करणार नाही, असं विभागानं म्हटलं आणि पुतळ्याभोवती ताडपत्री बांधली. पुतळ्याच्या समर्थकांनी ताडपत्री फाडली, ते आणि पुतळ्याचे विरोधक त्याच्यासमोर एकमेकांवर ओरडू लागले. १२ सप्टेंबर २०१९ रोजी प्राग-६ च्या निवडून आलेल्या प्रतिनिधींनी मतदान करून ठराव केला: पुतळा संग्रहालयात न्यायचा आणि त्या जागी प्राग मुक्त करणाऱ्या सर्वांचं स्मारक उभारायचं. त्यावर रशियाचे सांस्कृतिक मंत्री व्लादिमीर मेदिन्स्की यांनी कोलार यांची तुलना नाझी प्रशासकाशी केली. ज्या देशातली माणसं नाझी प्रशासकांनी फासावर दिली, त्या देशातल्या निवडून आलेल्या माणसाला हे विशेषण लावलं गेलं. मला ते अत्यंत निंद्य वाटतं.

ठरावाच्या विरोधातला सर्वांत वजनदार आक्षेप कृतघ्नतेचा आहे. ज्यांच्या रक्तानं तुम्ही स्वतंत्र झालात त्यांच्या सेनापतीला खाली उतरवता? हा प्रश्न विचारणाऱ्यांत युद्धात भाऊ गमावलेली म्हातारी माणसं होती, स्वतः चेक होती, आणि त्यांच्या दुःखाला उत्तर देताना आवाज चढवू नये. पण उत्तर आहे. मेलेल्या सैनिकांच्या कबरी प्रागच्या ओल्शानी दफनभूमीत आहेत, देशभरातल्या गावोगावी आहेत, त्यांना कुणी हात लावलेला नाही आणि लावूही नये. सैनिकानं आपला जीव दिला. त्याच्याशी असलेलं नातं पुढच्या कुठल्याही सरकारच्या वागण्यानं बदलत नाही. मार्शलची गोष्ट वेगळी आहे. तो पुढे अकरा-बारा वर्षांनी शेजारच्या देशात त्याच फौजेला लोकांवर घालतो. त्याचा चौथरा म्हणजे सैनिकांच्या कबरीचा दगड नव्हे. गोंचारेंकोचं ऋण कोनेव्हच्या नावावर जमा करून घेण्याचा हक्क कोनेव्हला नाही आणि मॉस्कोला तर मुळीच नाही.

इतिहास पुसला जातो, असाही आक्षेप घेतला जातो. प्रागसारख्या शहरात तो फारसा टिकत नाही. याच शहरात ऑस्ट्रियाच्या साम्राज्याचा फील्ड मार्शल राडेत्स्की १८५८ पासून माला स्त्रानाच्या चौकात उभा होता. १९१८ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावर त्याच्यावर कापड टाकलं गेलं आणि मग तो राष्ट्रीय संग्रहालयाच्या शिल्पदालनात गेला. लेत्नाच्या टेकडीवर १९५५ मध्ये स्टालिनचं अजस्र स्मारक उभारलं, अनावरणाआधीच त्याच्या शिल्पकारानं आत्महत्या केली होती, आणि १९६२ मध्ये त्याच राजवटीनं ते सुरुंग लावून उडवलं. या कशाचाही इतिहास कुणी विसरलेलं नाही. उलट, जुन्या चौकातला मरियमचा स्तंभ १९१८ मध्ये जमावानं पाडला होता, तो शंभर वर्षांनी, २०२० मध्येच, पुन्हा उभा राहिला. शहरं आपले निर्णय फिरवतात. राडेत्स्कीही परत यावा म्हणणारे लोक प्रागमध्ये आहेत. संग्रहालयात नेलेली वस्तू परत आणता येते. म्हणून सुरुंग आणि हातोडा यांपेक्षा क्रेन आणि गोदाम हा मार्ग सभ्य आहे.

निर्णय कुणी घ्यायचा, हा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. रशियाचं म्हणणं होतं की १९९३ च्या मैत्री करारानुसार युद्धस्मारकांचं जतन करणं चेक प्रजासत्ताकावर बंधनकारक आहे. चेक बाजूचं म्हणणं होतं की पुतळा विभागाच्या मालकीचा आहे आणि तो नष्ट केलेला नाही, हलवला आहे. कायद्याची बारीक बाजू काहीही असो, परदेशातल्या नगरसेवकांवर आपल्या देशात फौजदारी खटला भरण्याइतका जो हक्क मॉस्कोनं गाजवला, त्यानंच १९८० च्या पुतळ्याचा हेतू उघडा पडला. मित्राला भेट दिली की ती त्याची होते. चाळीस वर्षांनी देणारा येऊन ती वस्तू कुठे ठेवायची ते ठरवू लागला, तर ती भेट नव्हती, ताबा होता. पोलंडमध्येही क्राको शहरात १९८७ मध्ये कोनेव्हचा पुतळा उभारला होता. १९९१ मध्ये तो उतरवून रशियातल्या किरोव्ह शहराला देऊन टाकला. तो पोलंडचा निर्णय होता. प्रागनं पुतळा न देता स्वतःजवळ ठेवायचं ठरवलं, तो प्रागचा. माझ्या मते प्रागचा निर्णय अधिक चांगला, कारण कोनेव्ह हा चेक इतिहासाचाही भाग आहे आणि तो समजून घ्यायचं काम चेक लोकांनाच करायचं आहे.

प्राग-६ चं सगळंच मला पटलेलं नाही. ठराव सप्टेंबरचा, पण अंमलबजावणी लोक घरात अडकलेले असताना झाली. पुतळ्यापाशी फूल ठेवायला किंवा शांतपणे निषेध करायला कुणी येऊ शकत नव्हतं. त्या दिवशी विभागप्रमुखांनी मार्शलनं मास्क घातला नव्हता, नियम सगळ्यांना सारखे, अशी थट्टा समाजमाध्यमावर केली. ऑशविट्झ उघडणाऱ्या फौजेचा सेनापती खाली उतरत असताना ही थट्टा शोभणारी नव्हती. दिवसाढवळ्या, रशियन दूतावासाला आणि जुन्या सैनिकांच्या कुटुंबांना निमंत्रण देऊन, सैनिकांना मानवंदना देऊन हे करता आलं असतं. तरीही रशियानं आरडाओरडा केलाच असता, पण प्रागच्या बाजूला उणेपणा राहिला नसता.

मराठी आणि गोव्याच्या वाचकाला हा प्रश्न परका नाही. अफोन्सो द आल्बुकर्क यानं १५१० मध्ये गोवा जिंकला आणि शहरातल्या मुसलमान रहिवाशांच्या कत्तलीबद्दल स्वतः पोर्तुगालच्या राजाला पत्रातून कळवलं. पोर्तुगालसाठी तो महान सेनानी. त्याचा पुतळा पणजीच्या मुख्य मैदानात, जुन्या चर्चचे खांब वापरून बांधलेल्या मंडपात उभा होता. आज तो जुन्या गोव्यातल्या पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आहे. मैदानाचं नाव आझाद मैदान आहे आणि त्या मंडपात गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांचं स्मारक आहे. संग्रहालयात गेलात तर आल्बुकर्क जवळून पाहता येतो, दाढी, चिलखत, सगळं. त्यामुळे गोव्याचा पोर्तुगीज इतिहास पुसला गेला असं कुणी म्हणणार नाही. मद्रासमध्ये १८५७ च्या सूडसत्रासाठी कुप्रसिद्ध असलेल्या जेम्स नीलचा पुतळा भर रस्त्यावर होता. तो हटवावा म्हणून १९२७ मध्ये तरुणांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, आणि दहा वर्षांनी राजगोपालाचारींच्या सरकारनं तो संग्रहालयात हलवला. तेव्हा ब्रिटनमधल्या कुणाला विचारायला हवं होतं असं आपल्याला वाटत नाही. मग प्रागनं मॉस्कोला विचारायला हवं होतं असं तरी का वाटावं? कोनेव्ह आणि नील एका पारड्यात बसत नाहीत, हे उघड आहे. नीलनं आपल्याला काहीच दिलं नाही, कोनेव्हच्या फौजेनं प्रागला बरंच दिलं. पण चौक कुणाचा, हा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे आणि त्याचं उत्तरही.

परक्या भूमीवर परक्या योद्ध्याचा सन्मान कसा व्हावा, याचं एक उदाहरण इटलीत आहे, आणि त्यातला योद्धा आपल्या रायगडचा आहे. माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. १० जुलै १९४४ रोजी टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्या हाताखालचे सगळे जवान मेले किंवा जखमी झाले, एकटे घाडगे उरले. ते तसेच मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून त्यांनी ती बंद पाडली, टॉमीगननं एकाला मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून दस्त्यानं उरलेल्या दोघांशी झुंज दिली. ते ठाणं त्यांनी जिंकलं, पण लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागून तिथेच ते कोसळले. वय बावीस. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय जवान मेले, त्यातले ते एक. कासिनोच्या स्मृतिभिंतीवर त्यांचं नाव आहे.

२०२३ मध्ये मोंतोने या छोट्या गावानं त्यांच्या नावाचं स्मारक उभारलं: एक सूर्यघटिका, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो या अर्थाचं लॅटिन वचन. पुढाकार होता तिथल्या ग्रामशासनाचा आणि इटालियन लष्करी इतिहास-अभ्यासकांचा. घाडगे ब्रिटिश साम्राज्याच्या फौजेत होते, त्यांचा स्वतःचा देश तेव्हा पारतंत्र्यात होता. त्यांच्या नावानं पुढे कुणी मोंतोनेवर हक्क सांगितला नाही, सांगणारही नाही. गावातल्या लोकांनी सत्तर-ऐंशी वर्षांनंतर, कुणी न सांगता, आपल्या डोंगरउतारावर मेलेल्या एका परक्या तरुणाची आठवण ठेवली. कोनेव्हच्या चौथऱ्यावर नेमकी हीच गोष्ट कधी नव्हती. उद्या मोंतोनेच्या लोकांनी ती सूर्यघटिका गावातल्या दुसऱ्या जागी हलवली तर आपण काय करावं? विनंती करावी, कारण विचारावं, आणि त्यांचं म्हणणं मान्य करावं.

हे म्हणताना आपली स्वतःची परीक्षा मला दिसते. छत्रपती शिवाजी महाराजांचे पुतळे परदेशांत उभे करण्याची हौस अलीकडे वाढली आहे. पुण्यानं भगिनीशहर सॅन होजेला भेट दिलेला महाराजांचा अश्वारूढ पुतळा तिथल्या ग्वादलूपे नदीकाठच्या बागेत होता. २०२३ च्या सुरुवातीला चोरांनी तो घोड्याच्या पायांपासून कापून नेला आणि नंतर तो भंगाराच्या आवारात सापडला. ती चोरी होती, त्यात राजकारण नव्हतं. तरी महाराष्ट्रात लोकांना जे दुःख झालं ते मीही अनुभवलं आणि ते खोटं नव्हतं. पण त्याच वेळी एक प्रश्न मनात येतो. कॅलिफोर्नियातल्या त्या बागेत फिरायला येणाऱ्या मेक्सिकन, व्हिएतनामी, गोऱ्या माणसांना महाराजांबद्दल काय ठाऊक होतं? आपण त्यांना काय सांगितलं? महाराज परमुलखावर स्वारी करायला आलेले सेनापती नव्हते, आपल्या रयतेचं राज्य उभं करणारे राजे होते, हे सांगायला त्या पुतळ्याशेजारी चार ओळींपेक्षा मोठा मजकूर हवा, त्यांच्या भाषांत हवा, आणि त्यांच्या शाळांनी तो वाचावा असा हवा. आणि एखाद्या तिथल्या माणसानं अवघड प्रश्न विचारला तर रशियन दूतावासासारखं वागून चालणार नाही.

यापुढे पुण्यानं, मुंबईनं किंवा इथल्या कुठल्याही संस्थेनं परदेशात पुतळा भेट देताना ठरावात तीन गोष्टी लिहून द्याव्यात, असं मी सुचवतो. तिथल्या नगरपालिकेनं आणि आसपासच्या रहिवाशांनी आधी संमती दिलेली असावी. माहितीफलकाचा मजकूर तिथले आणि इथले इतिहासकार मिळून ठरवतील. आणि पुतळा एकदा दिला की तो त्या शहराचा. तो तिथे ठेवायचा, हलवायचा की संग्रहालयात न्यायचा हा निर्णय ते शहर घेईल आणि आम्ही तो मान्य करू.